तीन पिवळ्या वायरी

सुलतानपूर मागे पडलं होतं आणि मेहकर यायचं होतं. दुपारचे सव्वाचार. मीटरवरचे आकडे आधी फिके झाले, मग लुकलुकले, मग गाडीने दोन आचके दिले आणि इंजिन बंद पडलं. डावीकडे सोयाबीन काढून मोकळं झालेलं रान, उजवीकडे तूर. गाडी कडेला घेतली, चावी बंद करून पुन्हा फिरवली. चावी फिरवली की टाकीतून पेट्रोल पंपाचा बारीक घूं असा आवाज येतो. तो आला नाही. स्टार्टर दाबला तर नुसतं टक्‌.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली ही गोष्ट. साताऱ्याहून वर्ध्याला मावशीकडे निघाले होते, मोटरसायकलवर, एकटी. अंतर सातशे किलोमीटरहून थोडं अधिक. वाटेत संभाजीनगरला मुक्काम केला होता आणि दुसऱ्या मुक्कामाला कारंजा गाठायचं ठरवलं होतं. मी एका हायस्कूलमध्ये सव्वीस वर्षं विज्ञान शिकवते. गाडी चालवायला शिकले ती बाबांच्या राजदूतवर, आणि लांब जायचं असलं की आजही मला दोन चाकंच बरी वाटतात. आपल्या वेगाने जाता येतं, वाटलं तिथे थांबता येतं.

पण हे प्रवासवर्णन नाही. त्या संध्याकाळी रस्त्याकडेला जे पाहिलं, त्याबद्दल मला काही म्हणायचं आहे. ते रस्ते बांधणाऱ्यांना आणि गाड्या बनवणाऱ्यांना म्हणायचं आहे.

गाडी बंद पडल्यावर आधी मी कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय सभ्य होती. तिने गाडीचा नंबर घेतला, ठिकाण विचारलं आणि सांगितलं, की सर्वांत जवळचं अधिकृत केंद्र लांबच्या शहरात आहे, गाडी उचलायला टेम्पो उद्या सकाळी येईल, आणि वायरिंगचा दोष निघाला तर पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, मागवावा लागेल. त्याला आठ दिवस लागतात. मी विचारलं, "तोवर मी कुठे थांबू?" त्याचं उत्तर तिच्यापुढच्या कागदावर नव्हतं. बिचारीचा काही दोष नाही.

पुढे चिंचेखाली एक बाई सीताफळांच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. त्यांनी लांबूनच विचारलं, "बंद पडली का जी?" मग हात पुढे करून सांगितलं, "फाट्यापाशी मिस्त्री हाय. मोठ्ठा लिंब हाय पाहा, तिथं." लिंब दोन किलोमीटरवर होता. गाडी ढकलायला लागले. शंभर पावलांत हेल्मेटच्या आत घामाच्या धारा. एवढ्यात मागून एक पोरगा त्याच्या गाडीवर आला, वेग कमी केला आणि म्हणाला, "बसा ताई, पाय लावतो."

पाय लावणं ज्यांनी अनुभवलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आपण बंद गाडीवर बसून फक्त हँडल धरायचं. मागचा आपल्या गाडीवरून डावा पाय लांब करून आपल्या मागच्या फुटरेस्टवर टेकवतो आणि त्या एका पायाने दोन्ही गाड्या पुढे नेतो. दोघांचा तोल एकमेकांवर. त्याने तसं मला लिंबापर्यंत आणलं, "येतो ताई" म्हणाला आणि निघून गेला. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही, हे मला अजून लागून राहिलं आहे.

मिस्त्रींचं दुकान म्हणजे चार लोखंडी खांबांवरचे पत्रे. बाहेर ट्रकचं एक टायर अर्धं जमिनीत पुरून पांढरं रंगवलेलं, त्यावर लाल अक्षरांत 'पंचर'. लाल टाकीचा हवेचा कॉम्प्रेसर, ट्यूब बुडवायचं पाण्याचं घमेलं, आणि आत, हे मला जरा वेगळं वाटलं, तांब्याच्या तारेची रिळं आणि उघडलेल्या तीन पाणमोटारी. मिस्त्री पन्नाशीतले. त्यांनी आधी मला बसायला खुर्ची दिली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मग विचारलं, "एकदम बंद पडली, का मरत मरत?"

हा प्रश्न मला फार आवडला. निदानाचा पहिला प्रश्न असाच असायला हवा. मी सांगितलं, मरत मरत. त्यांनी मान हलवली आणि सीट काढलं.

इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून त्यांनी घरीच टेस्ट लॅम्प बनवला होता. तो बॅटरीला लावला तर बल्बची तार नुसती तांबूस झाली. "बॅटरी मेली हाय," ते म्हणाले, "पण तिले मारणारा दुसराच हाय." मग त्यांनी साइड कव्हर काढलं, वाकले आणि वास घेतला. बोटांनी वायरींचा जुडगा चाचपत मागे गेले आणि बॅटरीच्या मागे दडलेला काडेपेटीहून लहान असा एक प्लास्टिकचा तुकडा बाहेर ओढला. हा कपलर. इंजिनावर फिरणाऱ्या चुंबकामुळे जी वीज तयार होते, ती तीन पिवळ्या वायरींतून या कपलरमधून पुढे रेक्टिफायरकडे जाते, तिथे एसीची डीसी होते आणि मग बॅटरीत जाते. मूळचा पांढरा कपलर एका कोपऱ्यात करपून तपकिरी झाला होता. दोन्ही अर्धे वितळून एकमेकांत मिसळले होते, ओढून सुटत नव्हते.

दहावीला मी 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा शिकवते. धारेच्या वर्गाला रोधाने गुणलं की दर सेकंदाची उष्णता मिळते, हे सूत्र फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. इथे ते माझ्या हातात होतं. आतली पिन जरा सैल झाली, सांध्यात अर्धा ओहम रोध वाढला, वायरीतून दहा अँपिअर वाहत असले, तर त्या बोटाच्या पेराएवढ्या जागेत पन्नास वॅट उष्णता. आमच्या प्रयोगशाळेतली सोल्डरिंग गन पंचवीस वॅटची आहे. सांधा तापतो, तापला की पिन काळवंडते, काळवंडली की रोध आणखी वाढतो. आणि २०१७ पासूनच्या दुचाक्यांचा पुढचा दिवा कायद्याने दिवसाही चालूच राहतो, तो बंद करायचं बटणच नाही. चार्जिंग कमी, खर्च तोच. बॅटरी किती काळ दम काढणार?

मिस्त्रींनी कपलर कापून काढला. ब्लेडने सहाही टोकं खरवडली. वरचं तांबं हिरवट-काळं पडलं होतं. ते लखलखीत होईपर्यंत खरवडत राहिले, एकेक टोक उजेडाकडे धरून पाहत. प्रत्येक वायरीत काचेच्या धाग्याची स्लीव्ह आधी ओवून ठेवली, मग टोकं एकमेकांत पिळली आणि सोल्डर दिला. मी न राहवून विचारलं, "भाऊ, तिन्ही पिवळ्याच आहेत. कोणती कोणाला जोडायची कसं कळतं?"

"कोनतीबी कोनालेबी जोडा ताई. तीन फेज हाय. पाण्याची मोटर असती तर उलटी फिरली असती. इथं पुढं जाऊन डीसी होते, मग काही फरक नाही."

हे उत्तर बिनचूक आहे. त्याहून बिनचूक मी वर्गात दिलं नसतं. आता कुणी म्हणेल, पाहा, शिक्षण नाही पण केवढी हुशारी. हे कौतुक मला मान्य नाही. त्यांचं शिक्षण झालेलं आहे. नववीनंतर सहा वर्षं त्यांनी जालन्याला एका उस्तादाच्या हाताखाली काढली, पहिली दोन नुसते पाने पुसत आणि बेअरिंगं धूत. पाणमोटारी भरायला, म्हणजे त्यांचं वाइंडिंग करायला, ते नंतर शिकले आणि तीन फेज त्यांना तिथे उमगल्या. ही त्यांच्या धंद्याची विद्या आहे. आपल्याकडे तिचा दाखला देत नाहीत, एवढाच तिच्यात आणि माझ्या बी.एस्सी.त फरक.

बॅटरी चार्जरला लावून आम्ही चहा घेतला. मी विचारलं, पाणमोटारी का? ते म्हणाले, "ट्रका गेल्या समृद्धीवर. पंचरवर पोट भरत नाही आता."

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून सगळा, ७०१ किलोमीटर, वाहतुकीला खुला आहे. दुचाकीला त्यावर बंदी आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. ताशी १२० ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर मला जायचंही नाही. पण मग दुचाकीवाल्याने जायचं त्याच जुन्या रस्त्याने, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव असं. त्या रस्त्यावरचा मिस्त्री इतकी वर्षं जगला तो ट्रकांच्या टायरवर. ट्रक नव्या रस्त्याला लागले, दुचाक्या जुन्यावर राहिल्या, आणि त्यांना सांभाळणारं माणूस हळूहळू तिथून उठतं आहे. मिस्त्री सांगत होते, मेहकरपर्यंत पूर्वी पाच दुकानं होती, आता दोन. माझ्या मिस्त्रींना मोटर भरता येत होती म्हणून ते टिकले. ज्यांना फक्त पंक्चर काढता येत होतं ते मजुरीला गेले.

आमच्या भागातलं कारण वेगळं, पण शेवट तोच. सातारा-कऱ्हाड रस्त्याच्या सहापदरीकरणाचं काम सुरू झालं आणि माझ्या ओळखीची पंक्चरची दोन दुकानं रस्त्याकडेवरून गेली. ती जागा त्यांची नव्हतीच, रस्त्याचीच होती. अतिक्रमण होतं, ते काढलं. कागदावर बरोबर. पण पेट्रोल पंपाला जागा ठेवली जाते, हॉटेलांना ठेवली जाते, ट्रकांच्या थांब्याला ठेवली जाते. मग गाडी दुरुस्त करणाऱ्याला दहा बाय दहाचा गाळा आराखड्यातच का नसावा? तो नसतो म्हणून तो अतिक्रमण करतो. गरज आपली, आणि चोर तो.

बंद पडलेली गाडी ही नुसत्या गैरसोयीची बाब नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. बॅटरी संपलेल्या मोटरसायकलला मागचा लाल दिवाही नसतो. अंधार पडल्यावर तशी गाडी कडेने ढकलत नेणाऱ्या माणसाची अवस्था काय, हे सव्वापाच वाजता मावळतीकडे बघताना मला चांगलं कळत होतं. बाईमाणूस असेल तर आणखी दोन भीती त्यात मिळवा. माझ्यासाठी त्या संध्याकाळी पोलीस ठाण्याहून, दवाखान्याहून उपयोगाची जागा म्हणजे तो लिंब होता.

आता गाड्या बनवणाऱ्यांविषयी. कार्ब्युरेटरच्या दिवसांचे उमाळे मला येत नाहीत. बाबा दर रविवारी राजदूतचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे, ते चित्र गोड आहे, पण ती गाडी जो धूर ओकायची तो आम्हीच श्वासात घेत होतो. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले, दुचाक्यांत इंधन इंजेक्टरने जायला लागलं, हवा त्या मानाने कमी खराब होते. चांगलंच झालं. फक्त त्याबरोबर एक गोष्ट गुपचूप झाली. गाडीचा दोष वाचणारं यंत्र, वायरिंगचा नकाशा आणि सुटे भाग, सगळं अधिकृत केंद्राच्या कुलपात गेलं. मिस्त्रींनी मला एक वही दाखवली. तिच्यात त्यांनी स्वतः उघडून पाहिलेल्या गाड्यांच्या वायरिंगची चित्रं काढली होती, बॉलपेनने, रंगांची नावं मराठीत लिहून: 'काळी पांढरी पट्टी – पंपाले', 'पिवळी तीन – चार्जिंग'. जे चित्र कंपनीकडे छापील तयार आहे, ते हा माणूस एकेका गाडीची कातडी सोलून पुन्हा शोधतो आहे. केवढे तास त्यात जातात!

हा विषय सरकारच्या कानावर नाही असं मुळीच नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. कारण हेच, की सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं बाहेरच्या मिस्त्रींना मिळू दिली जात नव्हती. प्रकरण पुढे न्यायालयांत गेलं. मग २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं आणि वाहनं, या चार क्षेत्रांतल्या कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी अशी कल्पना. कल्पना उत्तम. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि लिंबाखालच्या माणसाच्या हातात ते काय पडतं हा खरा प्रश्न आहे. मला विचाराल तर प्रत्येक दुचाकीचा वायरिंगचा नकाशा, मराठीत, एका पानावर, कुणालाही फुकट मिळायला हवा. औषधाच्या वेष्टनावर आतले घटक छापतात ना, तसा. कौशल्याची प्रमाणपत्रं वाटण्याच्या सरकारी योजना आहेत, आधीच येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन दाखला देण्याचीही सोय आहे; त्या असू द्या. पण मिस्त्रींनी भिंतीवर लावायला प्रमाणपत्र मागितलं नाही. त्यांनी मला विचारलं, "ताई, तुमाले इंग्रजी येते. या नव्या गाडीचा नकाशा कुठं भेटंल काय?"

तो मला मिळाला नाही. परत आल्यावर मी कंपनीला दोनदा लिहिलं. 'हे दस्तऐवज केवळ अधिकृत केंद्रांसाठी आहेत' असं उत्तर आलं.

बॅटरी चार्ज झाली, गाडी एका दमात सुरू झाली. मिस्त्रींनी मीटर लावला, रेस वाढवली आणि आकडा मला दाखवला: १४.१ व्होल्ट. त्यांनी साडेतीनशे रुपये सांगितले, मी साडेतीनशे दिले. असल्या गोष्टींत त्या भल्या माणसाने पैसेच घेतले नाहीत, असा शेवट आपल्याला ऐकायला आवडतो. त्यांनी घेतले, आणि घ्यायलाच हवेत. अडीच तासांचं काम होतं ते. मला वाटतं त्यांनी कमीच घेतले. अधिकृत केंद्राने निघण्याआधी सर्व्हिसिंगचे जे पैसे घेतले होते आणि कागदावर 'इलेक्ट्रिकल'समोर बरोबरची खूण केली होती, ती रक्कम मी इथे लिहीत नाही. मेहकरला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ध्याला पोचले. मावशीने विचारलं, वाटेत त्रास नाही ना झाला? मी खरं ते सांगितलं.

साताऱ्याला आल्यावर गाडी केंद्रात नेली, तर तिथल्या माणसाने तीन जोड पाहून सांगितलं, की बाहेरच्याने वायरिंगला हात लावला, आता विजेच्या भागांची वॉरंटी गेली. जळलेला कपलर त्यांच्याच कारखान्यातून आला होता, तो जळाला याबद्दल चकार शब्द नाही. ज्याने तो दोष दूर केला त्याचा हात मात्र गुन्हा. वॉरंटीच्या कागदावरची ही एक ओळ मिस्त्रींच्या पोटावर कुठल्याही महामार्गाएवढीच येते, कारण ती वाचून गाडीवाला त्यांच्याकडे जायलाच घाबरतो. दुरुस्ती चुकीची असेल आणि त्यामुळे नुकसान झालं असेल, तर जरूर वॉरंटी नाकारा, पण ते सिद्ध करण्याचं ओझं कंपनीवर असू द्या. नुसता हात लागला म्हणून हक्क गेला, ही अट कायद्याने बाद व्हायला हवी. ग्राहक पंचायतींनी हा विषय हाती घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

आणि वाचकांना एक सांगणं. लांब निघालात तर जुन्या रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे हवा भरायला तरी थांबा, काम झालं की घासाघीस न करता पैसे द्या आणि त्याचा नंबर घेऊन ठेवा.

तो करपलेला कपलर मी मागून घेतला होता. यंदा दहावीच्या वर्गात तो बाकांवरून फिरला. पोरांनी नाकाशी धरून वास घेतला. केंद्राने हार्नेस बदलायचं सुचवलं होतं, तो मी बदलू दिला नाही. त्यानंतर गाडी साडेचार हजार किलोमीटर चालली आहे. परवा शाळेतला मल्टिमीटर लावून पाहिला. इंजिन चालू असताना बॅटरीवर आजही १४.१ व्होल्ट आहेत.